फेसलिफ्ट : नाशिककरांचे वारंवार येणारे प्रश्न

एकवीस वर्षं मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आणि थिएटरमध्ये सिस्टर होते. निवृत्त झाले तरी फोन थांबले नाहीत. नाशिकरोडहून, सिडकोतून, सिन्नर-निफाडहून मेसेज येतात आणि बहुतेकांची सुरुवात एकच : "सिस्टर, मैत्रिणीसाठी विचारतेय." असू दे, मैत्रिणीला सांगा. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. तुमचा चेहरा आणि तुमचे रिपोर्ट बघून शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

१. फेसलिफ्टमध्ये नेमकं करतात तरी काय?

वय झालं की चेहरा सुरकुततो त्याहून जास्त ओघळतो. गाल खाली सरकतात, जबड्याच्या कडेला पिशव्या लोंबतात, गळ्यावर दोन दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात. फेसलिफ्टमध्ये हे ओघळलेलं वर उचलतात. चीर कानशिलावरच्या केसांत सुरू होते, कानाच्या पुढून उतरते, पाळीला वळसा घालून कानामागे जाते आणि मानेच्या केसांत लपते. गळ्याचं काम जास्त असेल तर हनुवटीखाली आणखी एक छोटी चीर देतात.

कातडीखाली एक पातळ पण चिवट पडदा असतो, डॉक्टर त्याला 'स्मास' म्हणतात. १९७६ मध्ये दोन फ्रेंच शल्यविशारदांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी नुसती कातडी ओढून टाके घालायचे. म्हणजे गादी तशीच गोळा झालेली आणि वरची चादर तेवढी ताणलेली. म्हणून जुन्या ऑपरेशनचे चेहरे वाऱ्यात उभं राहिल्यासारखे दिसत. आता ताण आतल्या पडद्यावर देतात, कातडी वर हलक्या हातानं बसवतात आणि उरलेली कापून टाकतात. 'डीप प्लेन' म्हणजे त्या पडद्याच्याही खालून जाऊन सगळं एकत्र उचलायचं. कुठली पद्धत भारी यावर सर्जन लोकांचंच एकमत नाही. ज्या हाताला जी पद्धत सरावाची, त्या हातून ती करून घ्यावी, असं माझं मत.

२. म्हणजे चेहऱ्यात प्लास्टिक घालतात?

नाही. हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या लोकांनीही विचारलाय. 'प्लास्टिक सर्जरी'तल्या 'प्लास्टिक'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आकार देणं' असा आहे. प्लास्टिकच्या पिशव्या त्यानंतर खूप उशिरा आल्या.

जाता जाता सांगते. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून आपल्या गावाचं नाव नाशिक पडलं, अशी कथा आहे. आणि कापलेलं नाक पुन्हा उभं केल्याची जगभर गाजलेली हकिकत पुण्याकडची आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये ती लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आली आणि तिकडच्या डॉक्टरांनी त्यावरून धडे घेतले. तेव्हा 'हे परदेशी खूळ आहे' असं कुणी म्हणालं तर हे सांगायला हरकत नाही.

३. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, वांग हे सगळं एकदमच जाईल ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. फेसलिफ्ट गालाच्या खालच्या भागाचं, जबड्याच्या रेषेचं आणि गळ्याचं ऑपरेशन आहे. पापण्यांचं ऑपरेशन वेगळं, भुवया उचलण्याचं वेगळं. ती सोबत करता येतात, पण मग वेळ, सूज आणि बिल तिन्ही वाढतात. ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि वांग यांना कातडी ओढून काही होत नाही, ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम. नाकापासून ओठापर्यंत उतरणारी घडी थोडी सौम्य होते, पुसली जात नाही.

४. कोणत्या वयात करावी? मी ३६ वर्षांची आहे, चालेल का? आईचं वय ७१ आहे, तिला चालेल का?

बहुतेक जण पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान येतात. ७१ ला वयाची आडकाठी नाही. बीपी, साखर, हृदय, फुप्फुसं ठीक हवीत आणि फिजिशियननं होकार द्यायला हवा. ३६ ला, खूप वजन उतरवलं नसेल तर (प्रश्न १८ पाहा), उचलण्यासारखं सहसा काही नसतंच. सेल्फीत चेहरा कसा दिसतो यावरून ठरवू नका. फोन जवळ धरला की नाक मोठं आणि चेहरा विचित्र दिसणारच.

५. बोटॉक्स, फिलर, धागे घातले तर ऑपरेशन टळेल का?

त्रास कुठला आहे, त्यावर आहे. बोटॉक्स स्नायू सैल करतं. आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषांना उपयोगी, पण तीन-चार महिन्यांनी उतरतं. फिलर खोलगट जागा भरतं आणि काही महिने ते दीड वर्षापर्यंत राहतं. धाग्यांनी थोडी उचल मिळते, तीही थोड्या काळापुरती. लोंबलेली जादा कातडी यातल्या कशानंच कमी होत नाही. लोंबणाऱ्या गालात फिलर भरत राहिलं की चेहरा पुरणपोळीसारखा फुगतो, उचलला जात नाही.

आधी यातलं काही केलं असेल तर कधी, कुठे, काय हे सर्जनला नक्की सांगा. जुने धागे आत सापडतात तेव्हा त्यांचा वेळ जातो.

६. सर्जन खरा आहे हे कसं ओळखायचं? कॉलेज रोडला तर गल्लोगल्ली पाट्या आहेत.

पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहायला फारसं काही लागत नाही. पदवी बघा : एमबीबीएस आणि एमएस नंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळून घ्या. रुग्णालयाची महापालिकेकडची नोंदणीही बघा. ऑपरेशन क्लिनिकच्या मागच्या खोलीत नको. जिथे भूलतज्ज्ञ असतो आणि रात्री डॉक्टर हजर असतो अशा ठिकाणीच.

मग हे विचारा : वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? तुमच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का, सहा महिन्यांनंतरचेसुद्धा? रक्त साकळलं तर रात्री कोण येणार? प्रश्न विचारल्यावर वैतागणाऱ्या डॉक्टरकडे चेहरा देऊ नका. आणि 'आज बुक केलं तर सूट' ऐकलं की चपला घाला.

७. नाशिकमध्येच करावी की मुंबई-पुण्याला जावं?

नाशिकमध्ये चांगले प्लास्टिक सर्जन आहेत, तरी फेसलिफ्ट सतत करणारा हात महत्त्वाचा. तो मुंबईत मिळाला तर जा. पण मग टाके निघेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तिथेच राहायची सोय करा. तिसऱ्या दिवशी कसारा घाटातून गाडीनं घरी आलेल्या एक बाई मला आठवतात. घाटात उलटी झाली, गालावर ताण आला आणि इगतपुरीला थांबून त्यांनी मुंबईला फोन लावला. नशिबानं काही झालं नाही. एकशे सत्तर किलोमीटर अंतर एरवी काही नाही, पण रात्री गाल टणक झाला की फार असतं.

८. खर्च किती येतो? मेडिक्लेम मिळेल का?

आकडा सांगत नाही, कारण दोन चेहऱ्यांचं काम सारखं नसतं. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात हे वेगवेगळं दाखवलंय का बघा : सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, औषधं, चेहऱ्याचा पट्टा, तपासण्या. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला जीएसटीतून सूट नसते, तो धरलाय का विचारा. गुंतागुंत होऊन पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर पैसे कोणाचे, हेही आधीच.

मेडिक्लेम मिळत नाही. सौंदर्यशस्त्रक्रिया हा पॉलिसीतला ठरलेला अपवाद आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यात येत नाही, तिथे क्लेम होऊ शकतो.

९. ऑपरेशनच्या आधी काय काय बंद करायचं?

तंबाखू. सगळ्या रूपातली. हे उत्तर मी मुद्दाम लांब लिहितेय.

निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. फेसलिफ्टमध्ये कातडी खालून सोडवलेली असते, तिला रक्त कडेकडेनंच मिळतं. तेही आवळलं तर कानामागची कातडी काळी पडते आणि मरते. म्हणून निदान चार आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत बंद. 'मी सिगारेट ओढत नाही' हे उत्तर बायका पटकन देतात आणि ते खरंच असतं. मिश्रीचं नाव निघत नाही. एका काकूंच्या उशाखाली मला छोटी पितळी डबी सापडली, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. "अगं, ती दातांसाठी आहे," म्हणाल्या. सर्जननं दुसऱ्या दिवशीची वेळ रद्द केली. काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, दीड महिन्यानं परत आल्या आणि ऑपरेशन छान झालं. मिश्री, गुटखा, तपकीर, निकोटिनचा च्युइंगगम, सगळं त्यात आलं.

मग रक्त पातळ करणाऱ्या गोष्टी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, काही वेदनाशामक गोळ्या, शिवाय 'साध्या' म्हणून घेतलेल्या व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल. स्टेंट घातलेला असेल तर स्वतःहून गोळी बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांशी सर्जननं बोलायचं. घेत असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. काढे आणि चूर्णंसुद्धा. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवायची, ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची की नाही हे भूलतज्ज्ञ सांगतील.

केस रंगवायचे असतील तर आधीच रंगवून घ्या. नंतर महिना-दीड महिना रंग आणि मेंदी दोन्ही नाही.

१०. भूल पूर्ण देतात का? किती वेळ लागतो? दुखतं का?

पूर्ण भूल, किंवा गुंगी देऊन जागेवरची भूल. साधारण तीन ते पाच तास. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, तरी तुमच्या भूलतज्ज्ञाची वेळ पाळा. दुखण्याबद्दल लोक घाबरतात, पण बहुतेक पेशंट 'दुखतंय' म्हणत नाहीत, 'आवळल्यासारखं वाटतंय' म्हणतात. खूप दुखायला लागलं, तेही एकाच बाजूला, तर ती धोक्याची खूण (प्रश्न १२).

११. पहिले काही दिवस कसे जातात?

डोक्याला पट्टा, कानामागून निघालेली ड्रेनची नळी, तिच्या टोकाला लिंबाएवढा प्लास्टिकचा फुगा, त्यात लालसर पाणी. नळी बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. डोकं उंच ठेवून उताणं झोपायचं, दोन आठवडे. कुशीवर वळायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना उशा लावा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. डोळे बारीक होतात, निळं-जांभळं गळ्यावर आणि छातीपर्यंत उतरतं, दोन्ही बाजू सारख्या सुजत नाहीत. आमच्याकडे एक जुन्या सिस्टर होत्या. फेसलिफ्टचा पेशंट वॉर्डात आला की खोलीतल्या बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टांगायच्या, चौथ्या दिवशीपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "धुवायला काढलाय." आता फोनचा कॅमेरा असतो, टॉवेलचा उपयोग नाही. त्यामुळे सांगून ठेवते : तिसऱ्या दिवशी दिसतो तो चेहरा राहणार नाही. पहिल्या पंधरवड्यात रडू येतं, 'कशाला केलं' वाटतं. जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं.

१२. धोके काय आहेत? खरं सांगा.

सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे कातडीखाली रक्त साकळणं. शंभरात काही जणांना होतं, बहुधा पहिल्या चोवीस तासांत, बीपी वाढलेल्यांना आणि पुरुषांना जास्त. एक गाल भराभर फुगतो, टणक होतो, दुखतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. वेळेवर थिएटरमध्ये नेऊन रक्त काढलं तर चेहरा वाचतो. खोकला, उलटी, शौचाला जोर देणं यानंही बीपी चढतं, म्हणून पहिल्या दिवसापासून इसबगोल.

चेहरा हलवणारी नस दुखावली तर ओठाची एक बाजू किंवा भुवई नीट हलत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. कायमचं राहण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, पण शून्य नाही. कानाची पाळी आणि गाल बधिर राहणं फार सामान्य आहे, कित्येक महिने. बायका सांगतात की कानातलं घातलंय की नाही तेच कळत नाही. याशिवाय जंतुसंसर्ग, जाड व्रण (प्रश्न १५), कानशिलाजवळचे केस काही काळ गळणं, पाळी खाली ओढली जाणं. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरायला उशीर लागतो, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बघितल्याशिवाय चांगला सर्जन तारीख देत नाही.

१३. कामावर, स्कूटरवर, योगासनांवर कधी परत?

टाके पाच ते दहा दिवसांत निघतात. डोकं धुवायला दोन-चार दिवसांनी परवानगी मिळते, कोमट पाणी आणि ड्रायर थंड हवेवर, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. घरी बसून करायचं काम आठवड्या-दहा दिवसांत. लोकांसमोर जायला दोन ते तीन आठवडे धरा. हेल्मेट कानामागच्या चिरेवर घासतं, म्हणून स्कूटर महिनाभर बाजूला. हेल्मेटशिवाय चालवू का, असं विचारू नका. सूर्यनमस्कार, सर्वांगासन, कपालभाती, जिम, जड बादल्या सहा आठवड्यांनी. वाकून नमस्कारसुद्धा तोवर हात जोडूनच. ऊन लागलं तर व्रण काळे पडतात, तेव्हा सहा महिने तरी सनस्क्रीन आणि स्कार्फ. स्कार्फ बांधायचं नाशिकच्या मुलींना शिकवायला नको.

खाणं पहिला आठवडा मऊ : खिचडी, वरणभात, सूप. चिवडा, भाकरी, ऊस नंतर. लोणचं-पापड कमी, मिठानं सूज रेंगाळते.

१४. मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. डिसेंबरमध्ये केलं तर चालेल?

नको. निदान तीन महिने हातात ठेवा, चार असतील तर उत्तम. दोन महिन्यांनी तुम्ही बऱ्या दिसाल, पण फोटोग्राफरच्या दिव्यात उरलीसुरली सूज दिसते आणि कानामागचे व्रण लालच असतात. शिवाय लग्नघरात आराम कुणाला मिळालाय?

रंगपंचमीचंही असंच. तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायची हौस असेल तर त्या वर्षीची जखम पुरती भरलेली हवी. ताज्या चिरेवर रंगाचं पाणी आणि गर्दीतला एक कोपर, दोन्ही नको. २०२७ च्या सिंहस्थात गोदावरीत स्नान करायचं ठरवलेल्यांनाही हेच.

१५. लहानपणी कान टोचल्यावर मोठी गाठ आली होती. काही फरक पडतो?

पडतो, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. ती गाठ केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणारा जाड व्रण, असू शकते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण जास्त आणि फेसलिफ्टची चीर नेमकी कानाभोवतीच. ऑपरेशन होणारच नाही असं नाही, पण सर्जनला ती जागा दाखवा, देवीच्या लसीचा किंवा सिझेरियनचा व्रण कसा भरलाय तेही दाखवा.

१६. जड झुब्यांनी पाळ्या फाटल्यात. त्याच वेळी शिवता येतील का?

बहुधा येतात. पण नवं भोक लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी, जुन्या रेषेपासून थोडं बाजूला. फाटलेल्या नसतील तरी कानातलं महिना-दीड महिना घालू नका.

१७. पुरुषही करून घेतात का? दाढीचं काय होतं?

घेतात, सांगत नाहीत. दाढीची कातडी मागे सरकते, त्यामुळे कानाच्या अगदी जवळ किंवा कानामागे केस उगवू शकतात आणि तिथेही वस्तरा फिरवावा लागतो. दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा जास्त, म्हणून रक्त साकळण्याचा धोकाही जास्त (प्रश्न १२). टक्कल असेल तर चीर लपवायला जागा कमी, हे आधी बोलून घ्या.

१८. वजन तीस किलो उतरवलं आणि चेहरा लोंबला. आता लगेच करू?

वजन सहा महिने एका जागी थांबू द्या. पुन्हा उतरलं तर पुन्हा लोंबेल, वाढलं तर केलेलं काम बिघडेल. वजनाची साप्ताहिक इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. त्यांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, उपाशी राहूनही आत अन्न उरू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. 'शुगरसाठी आहे, वजनासाठी नाही' म्हणून लपवू नका, औषध तेच असतं.

१९. अर्धांगवायूनं चेहऱ्याची एक बाजू पडलीय. फेसलिफ्टनं सरळ होईल?

ही वेगळी शस्त्रक्रिया आहे. नस किंवा स्नायू जोडण्याचं, पापणी मिटण्याचं काम त्यात येतं. उचलून बांधणं हा त्यातला एक भाग असू शकतो. 'फेसलिफ्ट' म्हणून चौकशी करू नका, पूर्ण कहाणी सांगा. विम्याचं उत्तरही इथे बदलू शकतं.

२०. किती वर्षं टिकते?

साधारण सात ते दहा. वय थांबत नाही. घड्याळ मागे लावलंय, बंद केलेलं नाही.

२१. घरच्यांना न सांगता करता येईल का?

कायद्यानं तुम्ही सज्ञान आहात, सही तुमची. रुग्णालय घरी सांगणार नाही. तुमचे फोटो जाहिरातीत वापरायचे तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. संमतिपत्रात ती ओळ घुसवलेली असेल तर खोडा.

पण पहिल्या रात्री तुमच्याजवळ एक माणूस हवं. रात्री दोनला गाल टणक झाला तर फोन कोण लावणार? मैत्रीण चालेल, बहीण चालेल, एकटं चालणार नाही.

इंदिरानगरच्या एका बाईंनी घरी 'मैत्रिणींबरोबर कोकणात' असं सांगितलं होतं. दहा दिवस रेंज नाही म्हणून व्हिडिओ कॉल बंद. अकराव्या दिवशी मैत्रिणीच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात सासूबाई, हातात डबा.

"मऊ खिचडी आहे," म्हणाल्या. "मुलाला नाही सांगितलं."